दहाच्या सुमाराचा नर

नंदीने गाडीचं दार आपटलं आणि डोंगराच्या बाजूने नर ओरडला.

टर्की पक्ष्याचा नर मे महिन्यात कशालाही ओरडतो. वीज कडाडली, घुबड बोललं, ट्रकचा भोंगा वाजला, दार आपटलं, की हा उत्तर देतो. अंगात इतका माज असतो की गप्प राहवत नाही. आता आम्ही राहतो त्या पार्सिपनीला गल्लीतही टर्की येतात, पण त्या रस्त्यात उभ्या राहून मोटारी अडवतात, मोकाट गाईंसारख्या. रानातल्या नराचा आवाज वेगळा. घशात खडे घोळवावेत आणि एकदम ओतावेत तसा. तो मी इतक्या वर्षांनी ऐकला आणि ओल्या पाचोळ्याचा वास आला. पाचोळा खरोखरच ओला होता की मला उगीच वास आला, ते सांगता येत नाही.

नंदीने आवाजाच्या उलट बाजूला, रस्त्याकडे मान वळवली.

"कुठून आला, आई?"

मी बोट दाखवलं. तिचा डावा कान गेलेला आहे. एका कानाने माणसाला ऐकू येतं, पण आवाज कुठून आला ते कळत नाही. तो कान कसा गेला, तेच मला लिहायचं आहे.

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेच्या डोंगरात आमचं घर होतं. ते बघायला जायचं नंदीच्या मनात आलं. तिचं पार्सिपनीचं घर विकायला काढलंय. ती एकटीच आहे, नोकरी सोडली, आता मुलाजवळ क्युपर्टिनोला राहायला जाणार. मला बरोबर न्यायचं की इथेच म्हाताऱ्यांच्या जागेत ठेवायचं, हे तिचं ठरत नव्हतं. त्या जागेचं रंगीत पुस्तक गाडीत मागच्या सीटवर पडलेलं होतं. मला इंग्रजी वाचता येत नाही, चित्रं बघता येतात. सगळ्या चित्रांतल्या म्हाताऱ्या हसत होत्या. मला नंदीजवळ राहायचं आहे. मी तसं बोलले नव्हते, पण तिला माहीत होतं.

आमचं घर आता पिवळं रंगवलंय. अंगणात मुलांना उड्या मारायची जाळी लावलीय. समोरच्या शेजारणीचं, डोरथीचं, धान्याचं कोठार पाडलंय. रान मात्र तसंच. ओढ्याच्या काठाने वर जाणारी वाट, बीच नावाची गुळगुळीत राखाडी झाडं, आणि त्याखाली रानकांद्याची रुंद हिरवी पानं. एप्रिलमध्ये त्या रानात शिरलं की स्वयंपाकघरात शिरल्यासारखं वाटायचं. पायाखाली पान चिरडलं की कांद्या-लसणाचा वास यायचा.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान. माझ्या आत्याचाच मुलगा. आत्याला भावाची मुलगीच सून हवी होती, म्हणून लग्न झालं. ते डॉक्टर झाले आणि मी चौथी पास राहिले. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत, म्हणून मीही डॉक्टर म्हणायची. अमेरिकेत त्या डोंगरातल्या दवाखान्याला डॉक्टर मिळत नव्हता, तिथे हे आले. मला आणलं ते आत्याने शपथ घातली म्हणून.

नंदी सात वर्षांची असताना ते घरातून निघून गेले. फार लांब नाही, डोंगरापलीकडे, दवाखान्याजवळ. तिथे एक बाई होती. तिचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहायचं कारण नाही. का गेले, केव्हापासून, हे मला विचारू नका. मी तेव्हाही विचारलं नव्हतं. मला त्या हिवाळ्यातला बर्फ आठवतो, आणि त्यांच्या रिकाम्या खुंटीवर मी टांगलेली कांद्यांची माळ आठवते.

मार्च संपताना ते आले, कोट न काढता उभे राहिले आणि म्हणाले, "शाळा सुटली की तू आईकडे गावी जा. नंदी इथेच राहील. तिकडे तिचं नुकसान होईल."

"आणि मी?"

"तुझं तिकडे काय नुकसान आहे?"

एवढंच बोलणं झालं. शाळा जूनमध्ये सुटणार होती. मला गाडी चालवता येत नव्हती, इंग्रजी येत नव्हतं, पासपोर्ट त्यांच्याकडे होता. नंदी माझ्याकडून जाणार होती. मी रोज फोन करायची. फोनचा नंबर मी भिंतीवर मराठी आकड्यांत लिहून ठेवला होता. रडायची, शिव्या द्यायची, परत रडायची. ते आधी ऐकून घेत, मग मध्येच ठेवत, मग उचलेनासे झाले.

डोरथी समोरच्या शेतावर एकटी राहायची. साठीची विधवा, हाताला मेंढ्यांचा वास, पायात नवऱ्याचे बूट. तिला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी. आम्ही दोघी हातवाऱ्यांनी आणि पंचवीसतीस शब्दांवर बोलायचो. माझ्या घरात काय चाललंय ते तिला कळलं होतं. गावात सगळ्यांना कळलं होतं. तिने सांत्वन केलं नाही. एका सकाळी उजाडायच्या जरा आधी खांद्यावर बंदूक घेऊन दाराशी आली आणि चल म्हणाली. नंदीला घरी ठेवता येत नव्हतं, म्हणून तिलाही घेतलं.

दारातच डोरथीने मला थांबवलं, अंगठा जिभेला लावला आणि माझ्या कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं. मी तिच्या कानाखाली मारणार होते. मग तिने खुणा करून समजावलं. माजावर आलेल्या नराचं डोकं लाल, निळं, पांढरं होतं. रानात लाल काही हललं की दुसरा शिकारी त्याला नर समजतो आणि गोळी घालतो. बांगड्याही काढायला लावल्या, वाजतात म्हणून. नवरा जिवंत असताना मी उघड्या कपाळाने आणि मोकळ्या हातांनी एका पक्ष्यामागे रानात गेले. आत्याला कळलं असतं तर तिने तिथेच जीव सोडला असता.

त्या सकाळी मला अजून नीट दिसतात. वारा नसलेली, थंड, कोरडी सकाळ सगळ्यात चांगली. नर झाडावर झोपलेला असतो. उजाडलं की वरूनच ओरडतो आणि एका डोंगराचा आवाज दुसऱ्या डोंगराला ऐकू जातो. मग उतरतो. जड गाठोडं फांद्यांतून फेकावं तसा पंखांचा आवाज येतो. वारा असला की हे पक्षी मुके होतात. पाऊस असला की रान सोडून उघड्या शेतात येतात, कारण रानात पाण्याच्या टपटपीत कोल्ह्याची चाहूल लागत नाही. शेतात भिजत, मान आखडून उभे राहतात, वरातीत पावसाने गाठलेल्या पाहुण्यांसारखे.

डोरथीजवळ लाकडाची एक डबी होती. वरचं झाकण सैल. झाकण कडेवर घासलं की मादीचा आवाज निघायचा, किंचित किरकिरा, विचारल्यासारखा. माझे वडील गावी तित्तर धरायचे, पिंजऱ्यातल्या तित्तराला बोलतं करून रानातले फशी पाडायचे. त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. डबी माझ्या हातात आली तेव्हा मी ती सारखी घासत सुटले. डोरथीने माझा हात धरला. तीन बोटं दाखवली. तीनदा, हळू. मग ओठांवर बोट. मग मांडीवर हात ठेवून बसून राहिली. मी पुन्हा डबीकडे हात नेला की चापट मारायची.

ती म्हणाली ते मला नंतर नंदीने सांगितलं. शाळेतलं इंग्रजी तिला येत होतं. "ती म्हणते, तू फार बोलावतेस. फार बोलावलं की तो तिथेच उभा राहतो, तूच येशील म्हणून वाट बघत. थोडं बोलावून गप्प बसलं की त्यालाच चैन पडत नाही."

एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला नर उत्तर द्यायचा, पण यायचा नाही. माद्या त्याच्या आजूबाजूला असायच्या. आम्ही झाडाला पाठ टेकून बसायचो आणि तो लांब गवतात शेपटीचा पंखा उभारून गोल गोल फिरताना दिसायचा. पंख जमिनीवर घासायचा. छातीतून एक घुमणारा आवाज काढायचा, तो कानापेक्षा बरगडीला जास्त जाणवायचा. छातीवरची केसांची दाढी हलायची. माझ्या आवाजाकडे मान वळवायचा आणि पुन्हा त्यांच्यातच रमायचा. मी डोरथीला नंदीकडून विचारलं, मग हा येणार कधी?

डोरथीने घड्याळ दाखवलं. दहाचा सुमार. दहाच्या सुमाराला मादी अंडं घालायला गुपचूप निघून जाते. नर एकटा पडतो. लोक उजाडता उजाडता येतात, नऊपर्यंत कंटाळून घरी जातात. बारानंतर शिकार बंद, तसा कायदाच होता. मधले दोन तास आपले.

नंदी आमच्या दोघींच्या मध्ये बसायची. तिला शिकवलं होतं, हलायचं नाही, खोकायचं नाही, डास चावला तरी हात उचलायचा नाही. टर्कीची नजर फार तेज. सात वर्षांची पोर दोन-दोन तास दगडासारखी बसायची. मला तिचा अभिमान वाटायचा.

एका शनिवारी तो आला. डोरथीने तीनदा डबी घासली आणि खिशात ठेवून दिली. पाऊण तास काही नाही. मग आवाज न करता, पंखा मिटून, एकेक पाऊल उचलत तो आला. डोकं पांढरं पडलेलं, चोचीवरचं मांस लोंबतंय, मान लांब करून बघतोय की आत्ता बोलावलं ती कुठे गेली. मूर्ख दिसत होता. डोरथीने त्याला वीस पावलांवर येऊ दिलं आणि मारलं. तो पाचोळ्यात पंख आपटत राहिला. डोरथी उठली, मानेवर बूट ठेवला आणि नंदीशी शाळेबद्दल बोलत उभी राहिली, तो गार होईपर्यंत. पिसं उन्हात तांब्यासारखी चमकत होती. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात दहा वाजत होते.

त्या दिवसापासून मी फोन केला नाही. बुधवारी त्यांचाच आला. मी वाजू दिला. पुढच्या शनिवारी ती बाई दवाखान्यात सकाळच्या पाळीला असणार होती, डॉक्टर घरी एकटे. नंदी वडिलांकडे एकाआड एक रविवारी जायची, तिच्याकडूनच मला हे कळलं होतं.

शनिवारी नंदी सकाळपासून मलूल होती. मला ते सोयीचं वाटलं. मी एक कांदा अर्धा चिरला आणि तिच्या काखेत ठेवून वरून दुपटं बांधलं. काखेत कांदा धरला की ताप चढतो, असं आमच्या गावातलं प्रत्येक पोर सांगेल. शाळा बुडवायची असली की हाच उपाय. दहा वाजता मी नंबर फिरवला.

"नंदीला ताप आहे," एवढंच म्हणाले.

 पलीकडे डॉक्टर हसले. "कांदा काढ तिच्या काखेतला," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते माझ्याच गावचे होते, हे मी विसरले होते. तिसरीत असताना त्यांनीही कांदा धरला होता, आत्या दहादा सांगायची. या अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला ते सुचलं नसतं.

पण मला आता गप्प बसायचं कळत होतं. मी पुन्हा फोन केला नाही. संध्याकाळी त्यांचा आला, मी उचलला नाही. रविवारी चारदा आला. मी फोनसमोर खुर्ची घेऊन बसले, हात मांडीवर. नंदी पलंगावरून म्हणाली, "आई, फोन." मी ओठांवर बोट ठेवलं. ती गप्प झाली. त्यानंतर ती रडलीही नाही. रानात तिला तसंच शिकवलं होतं. दुपारी डोरथी दाराशी आली, नंदी दिसली नाही म्हणून. मी दार अर्धंच उघडलं आणि गुड, गुड म्हणाले. डोरथीजवळ ट्रक होता. दवाखान्यापर्यंत अर्ध्या तासाची वाट होती.

सोमवारी दहाच्या सुमाराला डॉक्टरांची गाडी अंगणात आली. ते दार न वाजवता आत आले, पलंगाजवळ गेले आणि तिच्या उशीकडे बघितलं. डाव्या कानाखाली उशी पिवळी झाली होती. ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. तिला पांघरुणासकट उचललं आणि नेलं.

पोर वाचली. कानामागचं हाड पोखरलं होतं, ते कापावं लागलं. डावा कान गेला. मी सगळ्यांना सांगितलं, मला वाटलं कांद्याचाच ताप आहे. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं. त्यांना मला काही बोलता येत नव्हतं. ताप आहे म्हटल्यावर तेच हसले होते, डॉक्टर असून. डोरथीने फक्त किती दिवस, असं विचारलं. मी तीन बोटं दाखवली. त्यानंतर ती आमच्या पायरीवर कधी आली नाही, आणि रस्त्यात दिसली तर ट्रकचा वेगही कमी केला नाही.

डॉक्टर घरी परत आले. जून आला आणि गेला, गावी जायचं नाव निघालं नाही. खुंटीवरून मी कांद्यांची माळ काढली, त्यांनी कोट टांगला. अठ्ठावीस वर्षं मी केलेलं जेवले, नंदीच्या उजव्या बाजूला बसून तिच्याशी बोलले, माझ्याशी लागेल तेवढंच बोलले. मग वारले. मला हवं होतं ते मला मिळालं. नंदी माझ्याजवळ राहिली. लोकांना वाटतं असं केल्यावर माणसाला झोप येत नसेल. मला येते.

हे सगळं त्या पिवळ्या घरासमोर उभी असताना माझ्या डोक्यातून गेलं. ऊन चढलं होतं. वर नर अजून मधूनमधून ओरडत होता. नंदी कुंपणाला टेकून उभी होती. ती मला उजव्या बाजूला घेऊन म्हणाली, "आई, एक विचारू? इतकी वर्षं विचारायचं होतं. त्यासाठीच तुला इथे आणलं."

मी विचार म्हणाले.

"मला तो कांदा नको झाला होता. वास येत होता. मी शनिवारी संध्याकाळीच काढून पलंगाखाली टाकला. तू रविवारी सकाळी केर काढलास ना?"

"रोजच काढायची."

"मग तुला सापडला?"

 ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, केस पांढरे, पण बघणं सात वर्षांच्या पोरीचं.

"आय जस्ट नीड टु नो," ती म्हणाली. "नाही म्हणालीस तर मी मानेन. खरंच मानेन, आई. आपण जाऊ दोघी मुलाकडे."

नाही म्हणायला किती वेळ लागतो? आणि ती खोटं बोलत नव्हती, तिने मानलं असतं. माझं उरलेलं आयुष्य त्या एका शब्दावर होतं, ते मला समजत होतं. चौथी पास असले तरी एवढं समजतं.

"सापडला," मी म्हणाले. "सुकलेला होता. तुझ्या अंगाला हात लावला तर चटका बसला. तेव्हाच कळलं की ताप खरा आहे."

"रविवारी सकाळी."

"रविवारी सकाळी. फोन वाजत होता. अजून एक दिवस गप्प बसले तर ते येतील, असं वाटलं. ते आले."

नंदीने मान हलवली. रडली नाही. मला वाटलं ती विचारेल, का? तिने तेही विचारलं नाही. "थँक यू," म्हणाली, दुकानातल्या माणसाला म्हणतात तसं, आणि गाडीचं दार उघडून मला हाताला धरून नीट बसवलं. पट्टा लावला. माझ्या पायावर शाल टाकली.

पार्सिपनी यायला अडीच तास लागले. वाटेत तिने एकदा पेट्रोल भरलं, एकदा मला बाथरूमला नेलं, कॉफी आणून दिली, साखर किती ते विचारून. घर आलं तेव्हा इंजिन बंद करून ती म्हणाली, सोमवारी त्या रंगीत पुस्तकातल्या जागेला फोन करते, खोली रिकामी आहे का बघते.

"खिडकीची बघ," मी म्हणाले.